टाकीखालची ओल

मे महिन्यात परभणीत पाणी कुठे साठून असेल
असं मला कुणी विचारलं असतं,
तर मी हवेचं नाव घेतलं नसतं.

नवजात कक्षाच्या भिंतीतल्या आउटलेटला
सॅम्पलर लावला, अगारची ताटली ठेवली
आणि मोजून तेवढी हवा तिच्यावर सोडली.
शेजारच्या पेटीत द्वारकाचं बाळ.
त्याला अजून नाव नव्हतं, मनगटावर आईचंच,
वजन नऊशे चाळीस ग्रॅम.
तीच हवा त्याला, तीच माझ्या ताटलीला.

मग दोन दिवस सदतीस अंशांवर.
बाहेर त्रेचाळीस होते,
इन्क्युबेटर उघडलं की गार वाटायचं.

तिसऱ्या सकाळी ताटली हिरवट.
वास घ्यायचा नसतो, शिकवतानाच बजावतात,
पण तो येतोच,
औशाहून आलेल्या द्राक्षांच्या गाडीला
दुपारी उशिरा येतो तसा, गोड.
मी मोजलं. नुसरत मॅडमना बोलावलं, त्यांनी मोजलं.
आकडा तोच.
मग आम्ही दोघी थोडा वेळ
एकमेकींच्या मास्ककडे बघत राहिलो.

कॉम्प्रेसरची खोली धोबीघाटामागे.
मुंजाजी तिथे अठरा वर्षं. त्याआधी वसमत रोडला
पंक्चरचं दुकान, पाटीवर खडूनं: हवा फुकट.
"तवाबी टाकीतलं पाणी रोज सोडायचो," तो म्हणाला,
"नायतर ट्यूबमधी खुळखुळतंय."
इथेही सकाळी सातला
टाकीखालचा कॉक उघडायचा तो.
फिस्स. तांबूस पाणी, तांब्याभर,
श्रावणात अर्धी बादली.
त्या ओलीवर शेवग्याचं रोप उगवलेलं,
साळुंक्या चोच बुडवायला यायच्या.

दिवाळीनंतर कंपनीचा माणूस आला,
आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह बसवला,
जुन्या कॉकची मूठ काढून घेऊन गेला.
"म्हणला, आता ह्याला हात लावायचा नाय."
रजिस्टरात नवा रकाना: ड्रेन ऑटो.
मुंजाजीनं रोज त्यात बरोबरची खूण केली.
एकशे एक्क्याऐंशी खुणा. मी मोजल्या,
मोजणं हेच माझं काम.

"शेवगा वाळला तवाच कळाया पायजे होतं, मॅडम.
मला वाटलं, ऊन."

पाना लावून त्यानं कॉक फिरवला.
आधी काहीच नाही.
मग एक खोकला.
मग पाणी, गंजाच्या रंगाचं, बुळबुळीत,
बादली भरली, दुसरी भरली, तरी येतच राहिलं.
जिंतूरकडची मी,
टँकरमागे घागर घेऊन पळालेली.
पाणी बघून मागे सरले
ते त्या दिवशी पहिल्यांदा.

लाइन बंद केली. सिलिंडर आले,
वॉर्डबॉय रात्रभर लोखंड गडगडवत होते.
द्वारकाचं बाळ त्या आवाजातही झोपलं.
चौकशीच्या कागदावर एक ओळ होती, जबाबदार व्यक्ती,
तिच्यापुढे टिंबं टिंबं.
कुणी म्हणालं मुंजाजी, कुणी म्हणालं कंपनी.
मी ताटलीचा फोटो जोडला आणि सही केली.

मार्चमध्ये दोन बाळं गेली होती.
त्यांच्या कागदांवर कारण लिहिलंय: कमी वजन.
वजन कमी होतंच.
ते कागद मी दोनदा काढले
आणि दोनदा जागेवर ठेवले.
तेव्हा ताटली लावली नव्हती,
मग बोलायला माझ्याकडे आहे काय?

आता दर सोमवारी तपासते.
ताटली कोरी निघते.
कोरी ताटली मी उजेडाकडे धरून
जास्त वेळ बघते, भरलेलीपेक्षा.

व्हॉल्व्ह नवा आहे, नीट चालतो.
तरी मुंजाजीनं बाजारातून मूठ आणून बसवली, स्वतःच्या पैशानं.
ऑटो या शब्दावर त्यानं रेघ मारली आहे
आणि रकान्यात, लिटरमध्ये लिहा असं साहेबांनी
दोनदा सांगूनही,
त्याच्या वाकड्या अक्षरात:

आज दीड तांब्या.